डावीकडं चार बोटं

गुंजवण्यात एखादं लेकरू रडायचं थांबेना, तर त्याची आई त्याला कडेवर मारून रस्त्याला येते आणि म्हणते, "ऐक, चिमाजीआज्याची जीप आली बघ." जीप कुठं दिसत नसते. ती अजून साखरच्या पलीकडच्या वळणाला असते. पण तिचा आवाज पुढं आलेला असतो. खाट, खुट, करर्र, धप. लेकरू ऐकता ऐकता रडायचं विसरतं. तेवढा तरी उपयोग त्या आवाजाचा होता.

चिमाजी आता सत्तरीला टेकला. जीप त्याच्या दारात आली तेव्हा त्याची मिशी काळीभोर होती आणि थोरली लेक मंगल परकरात होती. तीच मंगल आता उत्रोलीला आजी झाली, तेव्हा जीप किती म्हातारी ते ज्याचं त्यानं मोजावं. पंचवीस वर्षं चिमाजीनं वेल्हे ते नसरापूर वडाप केलं. वडाप म्हणजे गाडीत मावतील तेवढी माणसं भरायची आणि मग आणखी चौघांसाठी "सरका जरा" म्हणायचं. त्या जीपमधनं नवऱ्या सासरी गेल्या, कोंबड्या बाजाराला गेल्या, आणि एक म्हातारा दवाखान्यात न्यायला म्हणून घातला होता तो वाटेतल्या धक्क्यांनीच बरा होऊन मार्गासनीला चहा प्यायला उतरला. हे चिमाजी स्वतः सांगतो. खरंखोटं त्याच्यापाशी.

त्याला अभिमान होता तो त्याच्या नजरेचा. भिंत सरळ उठते का नाही ते बघायला गवंडी दोरीला ओळंबा बांधून सोडतो, तसा ओळंबा आपल्या डोळ्यात देवानंच टांगलाय, असं चिमाजी म्हणायचा. भाताची लावणी करताना दोरी न धरता त्याची ओळ सरळ यायची. गावात लग्नाचा मांडव घालायचा असला की पोरं आधी त्याला बोलवायची. तो एक डोळा मिटायचा, मान वाकडी करायचा आणि सांगायचा, "त्यो खांब, दोन बोटं पूर्वेला घ्या." खांब खरंच दोन बोटं पूर्वेला हवा असायचा. जुनं घर धरणाच्या पाण्यात गेलं आणि वर उताराला नवं बांधलं, तेव्हा पुढचं अंगण त्यानं एकट्यानं केलं. कुदळ, घमेलं आणि ही नजर. दोरी लावली नाही, पातळी बघायची पाण्याची नळी धरली नाही. गवंडी म्हणाला, "आबा, नळीनं एकदा बघू का?" तर चिमाजीनं त्याला चहा पाजून वाटेला लावला.

आणि जीपमध्ये पुढची डावी जागा होती ती बाळाबाईची. बाळाबाई म्हणजे चिमाजीची बायको. अंगानं भारदस्त आणि बोलण्यात त्याहून. मागं माणसं एकमेकांच्या मांडीवर बसलेली असली तरी पुढं बाळाबाई ऐसपैस बसायची, मांडीवर पिशवी, तोंडात पान. सरपंच असला तरी तिला बघून उठायचा आणि मागं जायचा.

दोन वर्षांमागं पावसाळ्यात जीपचा डाव्या बाजूचा पाटा मोडला. गाडीच्या चाकांवर वाकवलेल्या लोखंडी पट्ट्या एकावर एक रचून बांधलेल्या असतात, त्यांना पाटे म्हणतात. खड्ड्याचा धक्का आधी ते खातात, मग उरलासुरला माणसाला मिळतो. चिमाजी नसरापूरला नवा पाटा घालून घरी आला. जीप अंगणात नेहमीच्या जागी लावली, नेहमीसारखीच, तोंड रस्त्याकडं करून. बॅटरी दुबळी, त्यामुळं सकाळी उताराला नुसती सोडून दिली की चालू होते. मग काम कसं झालं ते बघायला तो मागं गेला आणि एक डोळा मिटला.

जीप डावीकडं झुकली होती. काठी लावून मोजलं. चार बोटं.

झालं. दुसऱ्याच दिवशी डाव्या बाजूला मागं एक पाटा जादा घालून घेतला. तरी दोन बोटं उरली. मग पुढंही एक घातला. आता जीप अंगणात अशी उभी राहिली की चिमाजीनं शेजारच्या अक्काबाईला हाक मारून दाखवली. अक्काबाई सुकल्या कारवीच्या काटकीसारखी बाई. तिनं जीप बघितली, चिमाजीकडं बघितलं आणि म्हणाली, "काल बी अशीच व्हती की."

पण त्या दिवसापासनं जीपचं बिनसलं. स्टिअरिंग उजवीकडं ओढायचं. उजवी टायरं एका कडेला झिजायची. कुठनं तरी खाट, कुठनं तरी खुट. चिमाजीच्या हिशोबी दोष गाडीचा नव्हता, माणसांचा होता. माणसं कुठंही बसतात, त्यानं वजन बिघडतं. मग त्यानं वजनाप्रमाणं माणसं बसवायला काढली. बाजाराच्या दिवशी जीपच्या मागं उभा राहून तो सांगायचा, "रतनबाई, तुमी डावीकडं. अक्काबाई, तू उजवीकडं, तुजं असून नसून सारकंच." रतनबाई दोन महिने त्याच्याशी बोलली नाही.

आणि बाळाबाईची कंबर गेली. आधी ती नुसती कण्हायची. मग जीपमधनं उतरताना चिमाजीच्या खांद्याला धरायला लागली. मग उतरल्यावरही बराच वेळ धरून उभी राहायला लागली. होळी झाल्यावरच्या एका बाजाराच्या दिवशी चिमाजी जीप पुसून तयार, तर बाळाबाई पिशवी घेऊन त्याच्या समोरनं चालत गेली ती थेट एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली.

अख्ख्या गावानं बघितलं. ज्यानं पंचवीस वर्षं एसटीची माणसं पळवली, त्याची बायको एसटीला हात करतीय. एसटी थांबली, बाळाबाई चढली, आणि कंडक्टरनं दारातनं मान बाहेर काढून विचारलं, "काय चिमाजीराव, तुमी पण येताय का? जागा हाय."

चिमाजी त्या दिवशी बाजाराला गेलाच नाही.

संध्याकाळी सोमनाथनं विषय काढला. सोमनाथ म्हणजे धाकटा मुलगा, शिरवळला कंपनीत जातो, मोटारसायकल चालवतो, आणि जीपमध्ये बसायची वेळ आली की त्याला अचानक काम निघतं.

"आबा, आता बास झालं. भंगारवाल्याशी बोललोय म्या. गायत्रीच्या बाळाचं बारसं झालं की दुसऱ्या दिवशी येतोय त्यो."

गायत्री म्हणजे मंगलची मुलगी. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी उत्रोलीला आलेली. मुलगा झाला होता, आणि बारसं आठ दिवसांवर होतं.

"इच्यारलं कुणाला?" चिमाजी म्हणाला.

"आईला."

बाळाबाई तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "माजी कंबर काय टायर हाय व्हय, झिजली की बदलायला?"

"अगं, दुरुस्त करतो की."

"दोन वरीस करताच हाय. तुमी दुरुस्त केलं की एक आवाज वाढतोय."

चिमाजी भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन असा बसला की बघवेना. बाळाबाईनं सूप खाली ठेवलं. बेचाळीस वर्षांचा संसार, तिला त्याचं ते बसणं माहीत होतं.

"बरं, आयका," ती म्हणाली. "बारशाला म्या जीपनं यीन. मांडीवर ताकाचा तांब्या घीन, काठोकाठ भरून. उत्रोलीपत्तूर माज्या लुगड्यावर एक थेंब न्हाई सांडला, तर ऱ्हाऊ द्या माजी ती सवत दारात. सांडला, तर भंगारवाल्याला च्या म्याच करून पाजीन."

"ताकच कशापायी? पाणी घे की."

"पाणी वाळतं. मग तुमी म्हणणार सांडलंच न्हाई. ताकाचा डाग ऱ्हातो."

सोमनाथ हसला. चिमाजी नाही हसला. त्याच्या डोक्यात तांब्या हिंदकळायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासनं तो जीपच्या खाली. पोतं अंथरून उताणा पडलेला, नुसते दोन पाय बाहेर. पाट्यांना ऑइल पाजलं. सगळे नट आवळले. मग अक्काबाईला आत बसवलं आणि बाहेरनं जीप हलवायला लागला.

"आवाज कुठनं येतोय?"

"मला काय ठावं? माज्या गुडघ्यातनं बी असाच येतोय."

"पुढनं का मागनं?"

"दोन्ही गुडघ्यातनं."

तिच्या नादाला लागण्यात अर्थ नव्हता. चिमाजीनं जीप उताराला सोडली, चालू केली आणि थेट भोर गाठलं, जगन मेस्तरीकडं.

जगन मेस्तरी पन्नाशीचा, कमी बोलणारा. लोक त्याच्याकडं गाडी घेऊन येतात आणि पंधरा मिनिटं गाडीचं गाऱ्हाणं सांगतात. तो तेवढ्या वेळात तंबाखू मळून घेतो, ऐकत काहीच नाही. मग उठून गाडीला विचारतो. त्यानं जीपच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हात टेकले, अंगाचा भार देऊन खाली दाबलं आणि सोडून दिलं. जीप खाली गेली, वर आली, परत खाली, परत वर.

"धड गाडी एकदा खाली जाती, वर येती आन् गप ऱ्हाती," मेस्तरी म्हणाला. "ही पाळण्यावानी झुलतीय. शॉकप गेल्यात."

मग खाली शिरला. लांब पहारीनं पाट्यांची टोकं हलवून बघितली, तर खाट, खुट. चिमाजीनं लगेच ओळखलं. घरचाच आवाज.

"ह्यो बुश. दोन लोखंडांच्या मदी रबर असतंय," खालनं आवाज आला. "हितं रबर न्हाई, नुसती त्याची आठवण हाय."

बाहेर येऊन त्यानं उजव्या टायरवरनं तळहात फिरवला, जशी बाई भाकरी भाजली का बघते तसा. मग चाकावरच्या पत्र्यापासनं जमिनीपर्यंत वितीनं मोजलं. एक बाजू, दुसरी बाजू. आणि म्हणाला, "आबा, गाडी उजवीकडं चार बोटं खाली हाय."

"डावीकडं."

"उजवीकडं."

"मेस्तरी, दोन वरीस म्या रोज मोजतोय. डावी बाजू कच्ची हाय, म्हनून तर दोन पाटं जादा घातल्यात."

"त्येच तर. कुणी सांगितलं घालायला?"

चिमाजीनं आपल्या डोळ्याकडं बोट केलं.

मेस्तरीनं त्याच्या डोळ्यात बघितलं, जसं काय तिथं काही अडकलंय का ते बघावं. मग म्हणाला, "डाव्या अंगाला पाटं जादा म्हंजे ती बाजू दगडासारकी कडक. खड्डा आला की गाडी खात न्हाई, बसलेलं मानूस खातंय. म्या ते जादा पाटं काढतो."

चिमाजीला पटलं नाही, पण आठातले दोन दिवस गेले होते. मेस्तरीनं दोन दिवस गाडी ठेवून घेऊन शॉकप बदलले, बुश बदलले, जादा पाटे काढले. आणि परत येताना काय सांगावं! स्टिअरिंग हातात लोण्यासारखं. कापूरहोळ, नसरापूर, आंबवणे, विंझर, कुठं खाट नाही की खुट नाही. चिमाजी मोठ्यानं गाणं म्हणत आला. साखरच्या वळणाला एक बाई लेकरू कडेवर घेऊन उभी होती, जीप समोर येऊन उभी राहिली तरी तिला कळलं नाही.

घरी आला. जीप जागेवर लावली. मागं गेला. एक डोळा मिटला.

डावीकडं चार बोटं.

त्यानं दुसरा डोळा मिटून बघितलं. काठी लावून बघितलं. बसून, वाकून, लांब पेरूच्या झाडापाशी जाऊन बघितलं. चार बोटं म्हणजे चारच.

रात्रभर त्याला झोप नाही. सकाळी परत भोर. चाळीस-पंचेचाळीस मैलांची जा-ये आणि तोंडात चहाचा घोट नाही.

"मेस्तरी, घातलात ना घोळ? पाटं काढल्याबराबर डावी बसली खाली."

मेस्तरीनं वीत लावली. डावी तीन विती दोन बोटं. उजवी तीन विती दोन बोटं. तो हात तसाच धरून चिमाजीकडं बघत राहिला.

"मग तुमच्या गॅरेजची फरशीच तिरकी असंल," चिमाजी म्हणाला.

गॅरेजात बसलेली दोन गिऱ्हाइकं हसली. मेस्तरीला मात्र ते लागलं. "आबा, ही फरशी घालताना गवंड्यानं चारी कोपऱ्याला पाण्याची नळी धरली व्हती. तुमच्या अंगणाला काय धरलं व्हतं?"

"नजर!"

मेस्तरीनं उसासा टाकला आणि पाटे परत बसवले. बसवताना एवढंच म्हणाला, "गाडी तुमची, मर्जी तुमची. पण बाळाबाईंनी इच्यारलं तर माजं नाव सांगू नका."

परत येताना स्टिअरिंग पुन्हा उजवीकडं ओढायला लागलं आणि डावी बाजू खड्ड्याखड्ड्याला आपटायला लागली. चिमाजीनं गाणं म्हटलं नाही. पण अंगणात जीप सरळ उभी राहिली. त्यातच त्यानं समाधान मानलं. बारशाला तीन दिवस उरले होते.

त्याच्या पुढच्या सकाळी बाळाबाईनं गोधड्या धुवायला काढल्या. चिमाजी आपला जीपच्या मागं उकिडवा बसलेला, हातात काठी, तेच मोजमाप. बाळाबाईनं ओट्यावरनं घंगाळभर पाणी अंगणात ओतून दिलं, जीपच्या उजव्या बाजूला. आणि घंगाळ घेऊन आत गेली.

पाणी उजव्या चाकापाशी आलं. चाकाला वळसा घातला. जीपच्या पोटाखालनं सरळ डाव्या चाकापाशी गेलं. तिथनं चिमाजीच्या पायाखालनं, त्याचं धोतर भिजवून, पेरूच्या झाडाकडं निघून गेलं. कुणाला वाट विचारावी लागली नाही त्याला.

चिमाजी बघत राहिला. पाणी रोजच तसं जात असणार. रोज सडा पडतो, रोज भांडी घासतात, पेरू उगाच का एवढा माजलाय! पण त्यानं आजवर पाण्याकडं कधी बघितलंच नव्हतं. तो जीपकडं बघत होता.

त्यानं खिशातनं अख्खी सुपारी काढली, कोरडी जागा बघून उजव्या चाकापाशी ठेवली आणि हात काढून घेतला. सुपारी क्षणभर थांबली. जणू विचार केला. मग हळूच निघाली, आणि गुडगुडत गुडगुडत पेरूकडं चालत गेली.

चिमाजी धप्पकन खाली बसला, ओल्यातच.

पंधरा वर्षं ज्या अंगणाला तो सरळ समजत आला, ते तिरकं होतं. जीप सरळ होती. सरळ जीपला त्यानं तिरक्या अंगणाच्या मापानं तिरकी केली होती, आणि ती वेल्ह्याच्या वळणावळणाच्या रस्त्यानं फिरवली, जिथं सपाट जागाच नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. कळलं ते एका कंबरेला. मेस्तरीचं बोलणं त्याला आता आठवलं. डावी बाजू दगडासारखी कडक. पुढची डावी बाजू कुणाची? बाळाबाईच्या बसायच्या जागेखाली दोन वर्षं त्यानं स्वतःच्या हातानं दगड ठेवला होता.

त्यानं इकडंतिकडं बघितलं. अंगणात कुणी नव्हतं. सुपारी उचलून खिशात घातली आणि जीप उताराला सोडली.

जगन मेस्तरी तंबाखू मळत होता. तिसऱ्यांदा तीच जीप बघून त्याचा अंगठा तळहातावर थांबला.

"काढा ते पाटं," चिमाजी म्हणाला.

"का?"

"काढा म्हन्लं ना."

मेस्तरी त्याच्या ओल्या धोतराकडं बघत म्हणाला, "आबा, आमची फरशी सरळ झाली काय?"

"व्हय," चिमाजी म्हणाला, "झाली."

मेस्तरी हसला नाही, हे त्याचं मोठेपण. जीपखाली शिरल्यावर मात्र बराच वेळ तिचा पत्रा हलत होता, आणि पाना तर बाहेरच पडलेला होता.

बारशाचा दिवस उजाडला. बाळाबाई नवं हिरवं लुगडं नेसली. काठोकाठ तांब्या भरायचा मान अक्काबाईनं स्वतःहून घेतला आणि भरताना इतकी बारीक नजर लावली की शेवटचे चार थेंब बोटानं सोडले. मागं सोमनाथ बसला, घुगऱ्यांचं पातेलं आणि बाळाचं बाळलेणं सांभाळत. बाळाबाई पुढं डावीकडं, एसटीच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. बसताना तिनं सीटवर हात फिरवला, धूळ नव्हतीच तरी झटकली.

"चला," ती म्हणाली.

चिमाजीनं आयुष्यात एवढी जपून गाडी चालवली नसेल. साखरच्या वळणाला ताक तांब्याच्या गळ्याशी आलं आणि परत गेलं. मार्गासनीला एक शेळी आडवी आली, चिमाजीनं तिला हात जोडले. विंझर गेलं. नसरापूर गेलं. हमरस्त्याला गुळगुळीत डांबर लागलं आणि सोमनाथ मागनं म्हणाला, "आबा, आवाज कुठं गेला?" चिमाजी मिशीतनं हसला.

कापूरहोळ सोडलं आणि भोरच्या वाटेला रस्त्याचं काम लागलं. एका अंगानं नवा रस्ता उंच, दुसऱ्या अंगानं खणून ठेवलेलं, आणि मधनं खाली उतरायला एक पायरीच म्हणा ना, हातभर खोल. पुढचा टेम्पो तिच्यावरनं उतरला तेव्हा त्यातली कोंबड्यांची पेटी वितभर उडालेली चिमाजीनं बघितली. मागं पाण्याचा टँकर हॉर्न वाजवत अंगावर आलेला. थांबता येईना, वळता येईना. बत्तीस वर्षांची जीप, बेचाळीस वर्षांचा संसार आणि एक तांब्या ताक.

त्यानं पहिला गिअर टाकला. स्टिअरिंग घट्ट धरलं. आणि सवयीनं एक डोळा मिटला, डावा, म्हणजे बाळाबाईकडचा. तेवढ्यात डाव्या कानाला बारीकसा आवाज आला. घट, घट. चिमाजीला वाटलं, झालं, नवा काहीतरी आवाज लागला जीपला.

जीप खाली गेली. वर आली. आणि गप राहिली.

"सांडलं?" चिमाजीनं पुढंच बघत विचारलं.

"न्हाई," बाळाबाई म्हणाली.

उत्रोलीला मंगल दारातच भाकरतुकडा आणि पाणी घेऊन उभी होती. आत बायकांची गडबड, पाळण्याला फुलं बांधणं चाललेलं. सोमनाथ आधी उडी मारून खाली आला आणि पंचासारखा बाळाबाईच्या बाजूला गेला. लुगड्याच्या निऱ्या बघितल्या, पदर बघितला, मांडी बघितली. हिरवंगार कोरडं लुगडं. कुठं थेंब नाही, डाग नाही.

मग त्यानं तांब्यात डोकावलं.

"आये, ताक कमी झालंय की. चार बोटं कमी हाय."

"ऊन केवढं पडलंय बग की," बाळाबाई म्हणाली. "आटलं."

"ताक? तांब्यात?"

"तुला डाग दिसतोय का कुठं?"

"न्हाई."

"मग पैज डागाची व्हती. लाव फोन त्या भंगारवाल्याला, येऊ नगं म्हनून सांग. आन् घुगऱ्या आत ने, लोक खोळंबल्यात."

सोमनाथ एका काखेत पातेलं आणि दुसऱ्या कानाला मोबाईल धरून आत गेला. मंगल त्याच्यामागं. जीपपाशी दोघंच राहिले. चिमाजीनं हात पुढं केला. बाळाबाई त्याच्या खांद्याला धरून उतरली, उतरल्यावर खांदा सोडला, आणि कंबरेवर हात न ठेवता सरळ उभी राहिली. चिमाजीनं ते बघितलं आणि उगाच बॉनेट पुसायला लागला.

"आता ते अंगण कधी सरळ करताय?" ती म्हणाली.

त्याचा हात बॉनेटवर थांबला. "कुठलं अंगण?"

"ज्यात तुमची सुपारी चालत गेली, त्ये. घंगाळ ठिवून म्या दारातच उभी व्हते. पंधरा वरीस पानी टाकतीय म्या त्या अंगणात. मला न्हाई ठावं व्हय कुठं जातंय त्ये?"

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तुमी कधी इच्यारलं?" बाळाबाई म्हणाली. "तुमच्या डोळ्यात तर देवानं ओळंबा टांगलाय."

आतनं बायकांचा पाळणा सुरू झाला. चिमाजीनं तिच्याकडं नीट बघितलं, दोन्ही डोळे उघडे ठेवून. मग खांद्यावरचा टॉवेल काढून तिच्या हातात दिला.

"आत जायच्या आधी मिशी पूस," तो म्हणाला. "ताकाची हाय."